कार्टून बघून प्रतिक्रिया कशी द्यावी : नारायण पेठेपुरते प्राथमिक धडे

नारायण पेठेत नव्याने राहायला आलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात दोन गोष्टी शिकाव्या लागतात. सम तारखेला गाडी रस्त्याच्या कुठल्या बाजूला लावायची, आणि मत कसं द्यायचं. पहिलीसाठी शेजारी मदत करतात. गाडी चुकीच्या बाजूला लागली की ताबडतोब करतात. दुसरीसाठी कोणी करत नाही, कारण नव्या माणसाला मत असू शकतं हेच मुळात पेठेला मान्य नसतं. ती उणीव भरून काढण्यासाठी हे धडे.

मत देण्यासाठी ही पेठ जुनीच प्रसिद्ध आहे. लोकमान्यांचा गायकवाड वाडा, म्हणजे आजचा केसरीवाडा, इथलाच. सरकारला शेलक्या शब्दांत प्रतिक्रिया कळवण्याचं काम इथून वर्षानुवर्षं चाललं. पण नवशिक्याने एकदम अग्रलेखाला हात घालू नये. व्याख्यानमालेलाही जाऊ नये. तिथे प्रश्न विचारायला उठून स्वतःच व्याख्यान देणारी मुरलेली मंडळी पुढच्या रांगेत असतात. सुरुवात कार्टूनपासून करावी. (घरातली तरुण मंडळी 'कार्टून नाही, ॲनिमेटेड मालिका म्हणा' असं सुचवतील. मान डोलवावी आणि कार्टूनच म्हणावं.)

सरावासाठी कोणता भाग घ्यावा

'अवतार : द लास्ट एअरबेंडर' ही मालिका घ्यावी. मायकेल दांते डिमार्टिनो आणि ब्रायन कोनिएत्झ्को या दोन अमेरिकनांनी ती रचली, निकलोडियन वाहिनीवर 2005 ते 2008 या काळात ती चालली, भाग एकूण 61. चित्रं दक्षिण कोरियातल्या स्टुडिओंनी काढली. मारामारीचे पवित्रे चिनी : पाणी वळवणारे ताई ची करतात, माती वळवणारे हुंग गार. पाट्यांवरची अक्षरंही चिनी. आणि अवतार, गुरू, चक्रं, पुनर्जन्म हा सगळा ऐवज आपल्याकडचा. पेठेला तोंड फुटतं ते नेमकं इथे.

61 पैकी दुसऱ्या पर्वाचा एकोणिसावा भाग निवडावा. नाव 'द गुरू'. यात एक गुरू आहे, सात चक्रं आहेत आणि कांदा आहे. या तिन्ही विषयांवर पेठेचं मत भाग सुरू व्हायच्या आधीच तयार असतं, त्यामुळे नवशिक्याला नुसतं ऐकूनही बरंच शिकता येतं.

आधीची गोष्ट विचारली तर एका दमात सांगून टाकावी, कारण दुसऱ्या दमाला कोणी थांबत नाही. जगात चार राष्ट्रं : पाण्याचं, मातीचं, आगीचं, वाऱ्याचं. काही माणसांना आपापलं तत्त्व हाताच्या इशाऱ्यावर नाचवता येतं. चारही तत्त्वं वळवू शकणारा एकच, तो अवतार. सध्याचा अवतार म्हणजे आंग नावाचा बारा वर्षांचा मुलगा. शंभर वर्षं हिमनगात गोठून पडला होता, तेवढ्यात आगवाल्यांनी त्याची सगळी जमात संपवली. आता तो सैरभैर न होता आपली पूर्ण शक्ती कशी वापरायची ते शिकायला पूर्वेकडच्या वायुमंदिरात गुरू पथिकांकडे आला आहे. वाहन : सहा पायांचा उडता गवा. त्याचं नाव आप्पा. घरात आप्पा नावाचे आजोबा असतील तर त्यांना आधीच कल्पना देऊन ठेवावी.

मंडळी कशी बसवावी

बसवू नये. ती आपापल्या जागी असतात.

वाडा पाडून उभ्या राहिलेल्या इमारतीतला हॉल असेल तर आजींची खुर्ची अशा कोनात असते की एका डोळ्याला टीव्ही आणि दुसऱ्याला जिना दिसतो. पडद्याकडे लक्ष अर्धं, मत पूर्ण. काका आतल्या खोलीच्या दारात उभे. ते 'बघत नाहीयेत'. त्यांना फक्त चष्म्याचं घर हवं होतं, ते हातात आहे, आणि तरी 23 मिनिटं ते दाराच्या चौकटीला टेकून उभेच आहेत. नवशिक्याने काकांचा आदर्श ठेवावा. बसलं की आपण कार्टून बघतोय हे कबूल केल्यासारखं होतं. उभ्या माणसाला केव्हाही 'काय लावलंय हे' म्हणून आत निघून जाण्याची सोय राहते. नातीने हा भाग इतक्यांदा पाहिलाय की पात्रांच्या आधी तिचे ओठ हलतात. आणि वरच्या मजल्यावर कॉट बेसिसवर राहणारा परभणीचा मुलगा, रिकामा डबा परत द्यायला आलेला, चप्पल काढू की नको अशा बेतात दाराबाहेर.

ज्यांच्याकडे हॉल नाही, आजी नाही, फक्त कॉट आहे, त्यांचं काय? नारायण, सदाशिव, शनिवार या पेठांत स्पर्धापरीक्षावाल्यांच्या अशा खोल्या ढिगाने आहेत. तिथली पद्धत वेगळी. एका खोलीत तीन कॉट, भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा, लक्ष्मीकांतच्या राज्यव्यवस्थेच्या जाडजूड पुस्तकाला फोन टेकवलेला, कानात इअरफोन. शेजारच्या कॉटवरचा पहाटे पाचला उठणार असतो, त्यामुळे प्रतिक्रिया आवाजाविना द्यावी लागते. हसू आलं तर पोट हलू द्यावं, कॉट हलू देऊ नये. लोखंडी कॉट कुरकुरते. अभ्यासिकेत तर फक्त भुवया वापराव्यात. ज्याला हे साधलं त्याला पुढे मुलाखतीच्या पॅनेलसमोर निर्विकार बसणं अवघड जात नाही, असं मला वाटतं. आयोगाला काय वाटतं ते आयोग जाणे.

वेळेबद्दल एवढंच : दुपारी एक ते चार नको. भाद्रपदाच्या आधीचा महिना-दीड महिना संध्याकाळीही नको, कारण नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव असतो आणि गुरू पथिक मोक्षावर काय बोलले ते ऐकूच येत नाही. अर्थात न ऐकता दिलेली प्रतिक्रिया पेठेत बाद धरत नाहीत.

आ वासणे

हल्ली एक नवी पद्धत निघाली आहे. फोन स्टँडला लावायचा, भाग बघताना स्वतःचाच चेहरा टिपायचा, आणि दर दोन मिनिटांनी तोंडावर हात ठेवून डोळे मोठे करायचे. याला प्रतिक्रिया म्हणतात असा तरुणांचा समज आहे. नारायण पेठेत याला दाढ दुखणे म्हणतात. एकट्याने आश्चर्यचकित होणं ही प्रतिक्रियाच नव्हे, कारण तिला कोणी 'काहीतरीच काय' म्हणणारं नाही. खोलीत किमान एक माणूस असा हवा, की तुमचं वाक्य संपायच्या आत त्याचं 'तसं नाहीये ते' सुरू झालं पाहिजे.

तसं पाहिलं तर भाग संपल्यावर प्रतिक्रिया सक्तीने वसूल करणारा पहिला प्रेक्षकहितवादी म्हणजे वेताळ. 'चांदोबा' वाचत वाढलेल्यांना नियम पाठ असतील : उत्तर माहीत असून विक्रम गप्प राहिला तर डोक्याची शकलं, आणि बोलला तर मौन मोडलं म्हणून वेताळ परत झाडावर. विक्रमाची अडचण इतकीच, की त्याला गोष्ट संपेपर्यंत थांबायची सवय होती. पेठेतला असता तर राजकन्या पहिल्यांदा राजवाड्याबाहेर पडली तेव्हाच 'एकटी का सोडली तिला?' म्हणाला असता आणि स्मशानापर्यंतचं चालणं वाचलं असतं.

प्रत्यक्ष कृती

भाग सुरू होतो. गुरू पथिक आंगला एक पेय देतात. आंग घोट घेतो आणि तोंड वाकडं करतो. इथे नवशिक्याने काहीही बोलू नये, फक्त ऐकावं.

"काय दिलं त्याला?"

"कांदा आणि केळ्याचा रस, आजी."

"शिकरणात कांदा?"

"शिकरण नाही गं, नुसता रस."

"दूध नाही ना घातलं?"

"नाही."

"मग ठीक आहे. नासलं असतं." मग जरा थांबून, "पण गुरू म्हणवतो आणि कांदा खातो?"

"तो शंभराच्या वर आहे, आजी."

"तरीच. सांगणारं कोणी उरलं नसेल घरात."

या संवादात जवळजवळ सगळी विद्या आली. आजींनी उडता गवा मान्य केला. शंभर वर्षं बर्फात राहून ताजातवाना निघालेला मुलगा मान्य केला. डोंगराच्या टोकावर तरंगल्यासारखं मंदिर मान्य केलं. तिथे पाणी कसं चढवतात हेही विचारलं नाही, आणि पेठेत हा प्रश्न न विचारणं म्हणजे फार मोठं औदार्य. हरकत फक्त कांद्याला. ज्यांनी लहानपणी कीर्तनात समुद्र पिऊन टाकणारा अगस्ती ऐकला त्यांना कल्पनेच्या भराऱ्यांचं अप्रूप नसतं. ती मंडळी तपशील तपासतात. नवशिके उलट करतात : 'गवा उडेल कसा' यावर अडून बसतात आणि कांद्याकडे त्यांचं लक्षच जात नाही. शिवाय ध्यानात घ्यावं, की आजींनी गुरूला नाकारलं नाही. चातुर्मासात चुकलेल्या माणसाला घेतात तसं सांभाळून घेतलं.

पुढे गुरू आंगला एका ओहोळाजवळ नेतात. पाणी वाहतं, मध्ये लहान लहान डोह, तिथे गरगरतं, पुढे जातं. डोहांत शेवाळ साचलं की प्रवाह अडतो. शरीरातली चक्रं अशीच, म्हणतात, आणि काठीने शेवाळ बाजूला करून दाखवतात. चक्र म्हणजे काय हे इतक्या कमी वेळात समजावलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. परंतु हा भाग मुठेपासून दोन-तीनशे पावलांवर बघितला जात असेल तर गुरूंचं वाक्य पुरं होत नाही. "जलपर्णी," काका दारातून म्हणतात. मग नदीपात्र, पूर्वी तिथे पोहायला जाणारी माणसं, भिडे पूल पाण्याखाली गेल्याच्या दरवर्षीच्या बातम्या, आणि काठीने शेवाळ काढणाऱ्या या म्हाताऱ्याला महापालिकेत कंत्राट द्यायला काय हरकत आहे, इतकं सगळं होईतो आंगची दोन चक्रं उघडून झालेली असतात. भाग मागे घ्यावा लागतो. 'मागे घे' असं नवशिक्याने स्वतः म्हणू नये. नातीकडे बघावं, ती सुस्कारा टाकून घेते.

आता काकांची मुख्य हरकत येते आणि ती वजनदार आहे. "चारच तत्त्वं? आपल्याकडे महाभूतं पाच. आकाश कुठे गेलं?" नवशिक्याने इथे गडबडून जाऊ नये, हीच पहिली संधी आहे. भाग नीट पाहिला असेल तर उत्तर त्यातच सापडतं. गुरू एकेक चक्र उघडवत जातात : पहिलं पृथ्वीचं, दुसरं जलाचं, तिसरं अग्नीचं, चौथं वायूचं. हा क्रम मूलाधारापासून अनाहतापर्यंत आपल्या परंपरेतलाच. मग पाचवं, कंठाशी, ते म्हणतात ध्वनीचं. आणि शब्द हा आकाशाचा गुण, हे काकांनाच पाठ असतं. म्हणजे मालिकेने पाचवं महाभूत वगळलेलं नाही, गळ्यात लपवून ठेवलंय. हे एवढं बोलून थांबावं. काका "हं" म्हणतील. नारायण पेठेतल्या "हं"ची किंमत बाहेरच्यांना कळणार नाही. काही जावयांना ती आयुष्यभर मिळत नाही.

मात्र काका हरल्यावर एक हत्यार हमखास बाहेर काढतात : हे सगळं आपल्याकडे आधीच होतं. कुंडलिनीचं म्हणाल तर ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय उघडा, शके 1212. कार्टूनचं म्हणाल तर दादासाहेब फाळक्यांनी 1915 सालीच आगकाड्या नाचवल्या, आणि पुण्यात आल्यावर प्रभातने 1934 मध्ये 'जंबू काका' काढला. जपानी 'जंगल बुक' दूरदर्शनवर लागायचं त्यातल्या शेरखानाला आवाज नाना पाटेकरांचा. हे सगळं खरं आहे. म्हणूनच हे हत्यार जपून वापरावं. एका भागात एकदाच. आणि वापरताना एक मेख लक्षात असू द्यावी. चक्रांची जागा, नावं, तत्त्वं जुनी आहेत, पण पहिल्या चक्राला भीती अडवते, दुसऱ्याला अपराधाची बोच, तिसऱ्याला शरम, चौथ्याला दुःख, ही मनाच्या गाठींची जोडणी जुन्या ग्रंथांतून आलेली नाही. ती अलीकडच्या पाश्चात्त्य पुस्तकांच्या वळणाची आहे. नेमकी तीच आंगच्या गोष्टीला कामी येते, हेही मान्य करून टाकावं. काका करणार नाहीत.

चौथ्या चक्राशी शिकवण्यासारखं काही नाही. गुरू सांगतात, तुझं जे दुःख असेल ते समोर ठेव. आंगला त्याची अख्खी जमात दिसते. त्याचे गुरू भिक्षू ग्यात्सो दिसतात. मग धुक्यात सगळे विरून जातात. गुरू म्हणतात प्रेम संपत नाही, नव्या रूपात येतं, आणि त्या धुक्यातून त्याला मनापासून आवडणाऱ्या मैत्रिणीचा, कटाराचा, चेहरा उमटतो. आंग डोळे पुसतो आणि हळूच तो मघाचाच कांदा-केळ्याचा रस मागतो.

"दे बाबा त्याला," आजी म्हणतात.

जिन्यावरून कोण गेलं ते त्यांनी या वेळी पाहिलेलं नसतं. काकाही बोलत नाहीत. इथे नवशिक्याने काही बोललंच तर त्याला पुढच्या रविवारी कोणी बोलावणार नाही.

मधून मधून दृश्य बा सिंग से नावाच्या तटबंदीच्या शहरात जातं. तिथे आयरोह या म्हाताऱ्याला वरच्या वर्तुळात, म्हणजे श्रीमंतांच्या वस्तीत, स्वतःचं चहाचं दुकान मिळालंय. शहर वर्तुळावर्तुळांचं, खालचं, मधलं, वरचं. यातलं कुठलं वर्तुळ म्हणजे नारायण पेठ याबद्दल हॉलमध्ये चर्चा होत नाही, कारण कोणालाच शंका नसते. चर्चा होते चहाची. अमृततुल्यात पितळी पातेल्यावरचा हात कसा फिरतो, आलं-वेलची आधी कुटून ठेवतात की आयत्या वेळी, फडक्यातून गाळताना धार किती उंचावरून यावी, हे ज्याने रोज उभं राहून पाहिलंय तो चमेलीच्या पाण्याला चहा कसा म्हणणार? "दुधाशिवाय म्हणजे काढाच तो," काका म्हणतात. तरी आयरोहला राजवाड्यातून चहा करायचं बोलावणं येतं तेव्हा आतून त्यांना बरं वाटतं. मोठ्या हुद्द्यावरून उतरलेला माणूस छोटं दुकान मनापासून चालवतोय, हे चित्र पेठेला कळतं. बोलावण्यामागे काहीतरी शिजतंय असं नवशिक्याला वाटलं तर ते मनात ठेवावं.

आणि टॉफ. बारा वर्षांची आंधळी मुलगी, पायाच्या तळव्यांनी जमिनीतली थरथर ओळखते, माती वळवण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही. बापाने पाठवलेल्या दोन माणसांनी तिला धातूच्या पेटीत कोंडलंय, कारण माती वळवता येते, धातू येत नाही, असा जगाचा नियम. ती पेटीवर लाथा घालते, मारत राहते, मग थांबून हाताने चाचपते. तिकडे डोंगरावर गुरू आंगला सांगताहेत की वेगळेपण हा सगळ्यात मोठा भ्रम. धातूसुद्धा शुद्ध केलेली मातीच. पेटीत टॉफच्या बोटांना धातूतले मातीचे कण लागतात. ती पत्रा चुरगाळून बाहेर येते आणि त्या दोघांनाच आत कोंबते.

माझ्या मते अख्ख्या भागातली सर्वांत हुशारीची जागा ही. ज्याला उपदेश मिळाला तो अजून पाटावर बसून आहे. जिच्या कानावर एक शब्द पडला नाही तिने करून दाखवलं. शिकवणी लावलेल्यांच्या गावात ही गोष्ट जरा लागते.

प्रतिक्रिया? इतका वेळ उभे असलेले काका खाली बसतात. यापेक्षा मोठी दाद नारायण पेठेत उपलब्ध नाही. नवशिक्याने ती पाहिली नाही असं दाखवावं.

सातवं चक्र आणि त्यापुढचं भांडण

सातव्याशी गुरू सांगतात, तुला या जगाशी बांधून ठेवणारं जे आहे ते सोड. म्हणजे कटाराला सोड. आंग चिडतो : तीन चक्रं मागे तेच प्रेम चांगलं होतं, आता वाईट कसं? प्रश्न रास्त आहे. तरी तो प्रयत्न करतो, अगदी दाराशी पोहोचतो, आणि त्याला कटारा संकटात दिसते. गुरू बजावतात, आत्ता उठलास तर चक्र बंद होईल आणि ती शक्ती तुला मुळीच वापरता येणार नाही. तो उठतो. आप्पावर बसतो आणि जातो.

भाग थोड्याच वेळात संपतो आणि पेठेचं खरं काम सुरू होतं.

काका गुरूच्या बाजूचे. गुरूने एवढं सांगितल्यावर उठायचं म्हणजे काय? एक आसन पुरं करता येत नाही आणि जग वाचवणार. आजी दुसऱ्या टोकाला : पोरीला सोडून मिळालेली शक्ती घेऊन करायचंय काय? लोणचं घालायचंय? नात म्हणते पुढे बघा म्हणजे कळेल, आणि तिला दोघंही गप्प बसवतात. कोणीतरी नवशिक्याकडे वळून विचारतं, "तुम्हाला काय वाटतं?"

हा सापळा आहे. 'दोघांचंही बरोबर आहे' हे उत्तर देऊन आजवर कोणाला दुसरा चहा मिळालेला नाही. बाजू घ्यावी, आणि ती घेताना स्वतःच्या पदरचं काहीतरी टाकावं. नमुना म्हणून वरच्या मजल्यावरच्या मुलाचं उत्तर पाहावं. तो एव्हाना चप्पल काढून उंबऱ्याच्या आत आलेला असतो. म्हणतो, "मी प्रिलिमच्या आठवडाभर आधी बहिणीच्या साखरपुड्याला गेलो होतो. मार्क गेले. पण नसतो गेलो तर अभ्यास झाला असता असं नाही. इथे बसून तिकडेच बघत राहिलो असतो."

काका म्हणतात, "म्हणजे गुरूचंच खरं की. सोडता आलं नाही म्हणून गेले मार्क."

आजी म्हणतात, "साखरपुड्याला काय काय केलं होतं?"

मी आजींच्या बाजूचा. गुरू खोटं बोलत नाही, आंग मूर्ख नाही, आणि भाग लिहिणाऱ्यांनी कोणालाही सहज जिंकू दिलेलं नाही. म्हणून तर हा भाग सरावाला चांगला. पण बारा वर्षांच्या मुलाकडून, ज्याचं एकच माणूस उरलंय, ते माणूस सोडण्याची अपेक्षा करणारा शंभरीचा गुरू मला जरा घाईतला वाटतो. काकांना हे पटणार नाही आणि त्यांना पटवण्याची गरजही नाही.

काय करू नये

2010 साली मनोज नाइट श्यामलन यांनी या मालिकेवर माणसांचा चित्रपट काढला होता. त्याचा विषय काढू नये. आंगचं नावही त्यात 'ओंग' असं उच्चारतात, आणि नात तेवढ्यावरून अर्धा तास बोलते. 'लहान मुलांचं आहे' हे वाक्य भाग संपल्यावर म्हणू नये. म्हणायचं असेल तर आधी म्हणावं, म्हणजे काकांसारखं दारात उभं राहून ते चुकीचं ठरवता येतं. समोरच्याच्या प्रतिक्रियेचा फोटो काढू नये. आणि पुढे काय होतं ते सांगू नये. पेठेत वाटेल तो अपमान पचतो, घरात वर्षभर अबोलाही चालतो, पण गोष्ट आधी फोडणाऱ्याला माफी नाही. या एका बाबतीत आजी, काका, नात आणि कॉट बेसिस यांचं एकमत आहे.

म्हणून मीही सांगत नाही. अमेरिकेत 1 डिसेंबर 2006 रोजी हा भाग आणि त्याच्या पुढचा, पर्वाचा शेवटचा, 'द क्रॉसरोड्स ऑफ डेस्टिनी', असे दोन्ही एकाच दिवशी दाखवले होते, आणि त्याला कारण होतं. तेव्हा आंगने उठायला हवं होतं की नको यावर पैज लावली असेल तर ती आज रात्रीच निकालात काढा. आजींना साडेनऊला झोप येते. पुढचा भाग नऊच्या आत लावा.